हवालदाराच्या दाढा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांग मनातल्या मनात). तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला थांबला का? भाचीला खूप खूप आशीर्वाद, पण हे पत्र तिच्या हातात पडू देऊ नकोस. तू वाचायला घेतेस आणि पहिल्याच ओळीला छातीवर हात ठेवतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून शेवट आधीच सांगतो. हवालदार जिवंत आहे. नुसता जिवंत नाही, आत्ता माझ्या पायाशी बसून वाळलं गवत कराकरा चावतो आहे. इतका गोड आवाज मी आजवर ऐकला नाही, आणि यात मी तुझ्या लग्नातली सनईसुद्धा धरली आहे.

तुझी बदली झाली, नव्या घरमालकाला जनावर चालेना, आणि चार महिन्यांसाठी तुझ्या लेकीनं तिचा गिनीपिग माझ्या हवाली केला, तेव्हा मी तिला काय शब्द दिला होता ते तुला आठवत असेलच. मामा किल्ल्या बनवतो, मामाकडे ठेवलेली वस्तू हलत नाही, असं मी छाती पुढे काढून म्हणालो होतो. पोरीनं माझ्यावर विश्वास ठेवला. आता तुम्हाला दुसरं घर मिळालं आणि येत्या रविवारी तुम्ही त्याला न्यायला येणार, तर मधल्या काळात काय काय झालं ते तुला कळायला हवं. फोनवर हे सांगता येत नाही, कारण फोनवर तू मधेच ओरडतेस.

तर एका सोमवारी सकाळी मी फ्रिज उघडला आणि शिट्टी झाली नाही. (फ्रिजचं दार वाजलं की हा प्राणी शिट्टी फुंकतो म्हणून तर त्याचं नाव हवालदार. आमच्याकडे दही काढायचं म्हटलं तरी चौकात उभं राहिल्यासारखं वाटायचं.) मी दार बंद करून पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा तुझी भावजय म्हणाली, काय थंडी वाजवून घेताय का. पिंजऱ्याशी जाऊन बघतो तर साहेब कोपऱ्यात अंग फुगवून बसलेले, हनुवटी ओली, समोर गाजर तसंच. गाजराकडे बघत होता ग तो. पुढे यायचा, तोंड लावायचा, तुकडा खाली पाडायचा आणि मागे सरकायचा. भूक आहे, अन्न आहे, पण खाता येत नाही. माझी पाचावर धारण बसली.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. कुठलीही न उघडणारी गोष्ट समोर आली की मला ती आपलीच जबाबदारी वाटते. मी दुकानातली बारीक बॅटरी दातात धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि हवालदाराला टॉवेलात गुंडाळून त्याचं तोंड उघडायला बसलो. ताई, पंचवीस वर्षांत मी तिजोऱ्या उघडल्या आहेत, एकदा आतून कडी लावून झोपलेल्या अख्ख्या वऱ्हाडाची खोली उघडली आहे, पण ते चार बोटांचं तोंड काही उघडेना. पुढचे दोन दात तेवढे दिसले. ते मला अंमळ लांब वाटले, आणि मी (हे वाचताना शांत राहा) दुकानातली सगळ्यात बारीक कानस आणली. आबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. आपल्या बापानं माझ्या हातातून काही हिसकावून घेतल्याला तीस वर्षं झाली असतील. टोपी घातली, हवालदाराला पिंजऱ्यासकट छातीशी धरलं आणि चपला शोधायला लागले. मी गुपचूप दुकान बंद ठेवलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणजे लहानखुऱ्या चणीची, बारीक आवाजाची बाई, पण प्रश्न असे विचारते की चोरानं चोरी कबूल करावी. त्यांनी आधी हवालदाराला वजनकाट्यावर ठेवलं. मग कानात बघायची नळी असते ना, ती त्याच्या तोंडात सरकवली, आणि नळीतून बघता बघता विचारलं, हा खातो काय? मी म्हणालो, घरचंच. त्या म्हणाल्या, म्हणजे? आणि मग ताई, आमचं सगळं बिंग बाहेर पडलं.

आबांची कवळी गेली दोन वर्षं कपाटात डबीत पडून आहे, चावते म्हणतात (कवळीनं चावायचं नाही तर काय करायचं, हे त्यांना कोण सांगणार). त्यामुळे आमच्याकडे जे काही शिजतं ते मिक्सरमधून फिरूनच ताटात येतं. आम्हालाही सवय झाली आहे. परवा एका पंगतीत मला अख्खी काकडी मिळाली तर मी ओळखलीच नाही. आता हवालदाराला खाऊ घालायचं काम आबांकडे. ते आपल्या वाटीतलं मऊ उकडलेलं गाजर, कुस्करलेला भोपळा, असं चमच्यानं त्याला भरवत. दातांचा त्रास काय असतो ते मला विचारा, म्हणायचे, या मुक्या जीवाला तो का द्यायचा? त्या सोमवारचं ते गाजरसुद्धा उकडलेलंच होतं. आणि तुझ्या लेकीनं गवताचं जे पोतं दिलं होतं, ते आम्ही गादी समजलो. तुझ्या भावजयीला घरात काड्या चालत नाहीत, म्हणून ते माळ्यावर गेलं आणि पिंजऱ्यात जुनं स्वच्छ धुतलेलं फडकं आलं. गादी खाऊन कोणी जगतं, हे आमच्या डोक्यात येणार कसं?

डॉक्टरीणबाईंनी नळी बाजूला ठेवली आणि समजावलं, की या जातीचे दात जन्मभर वाढतात. पुढचेही आणि दाढाही. दिवसभर गवत रवंथ केल्यासारखं दळत बसलं तरच ते झिजतात. आमच्या मायेच्या भोपळ्यानं ते झिजले नाहीत. खालच्या दाढा दोन्हीकडून वाढून जिभेवर कमान बांधल्यासारख्या भेटल्या होत्या. जीभ खाली अडकलेली, गिळणार कसा? मी ज्याला कानस लावायला निघालो होतो त्या पुढच्या दातांचा यात फारसा दोषच नव्हता. भूल देऊन दाढा घासाव्या लागतील, त्या म्हणाल्या, पण एवढ्याशा जीवाला भुलेचा धोका असतो, आणि तो अशक्त झाला आहे. थांबलं तर मात्र पोट बंद पडून तो नक्की जाईल.

आबांनी विचारलं, माझ्यामुळे झालं का हे? त्या बाई म्हणाल्या, आजोबा, तुम्ही त्याला उपाशी तर नाही ना ठेवलंत. बाई हवालदाराला भूल द्यायला आत घेऊन गेल्या आणि आबा बाहेर बाकावर जाऊन बसले. शेजारी एक बोका आणि एक पट्टा बांधलेलं कासव होतं. रिकामा पिंजरा मांडीवर घेऊन आबा पाऊण तास त्या बंद दाराकडे बघत होते. मी त्यांच्या शेजारी अगदी खंबीरपणे बसून होतो. डोक्यात एकच, की पोरीला काय सांगू.

दार उघडलं. बाईंच्या हातात टॉवेल, टॉवेलात हवालदार, डोळे अर्धे मिटलेले, पण मिशा हलत होत्या. ताई, माझा जीव भांड्यात पडला. मी रडलो, लाजायचं काय त्यात. आबांनी नाक शिंकरलं आणि कासववाल्याला सांगितलं, वाचला आमचा.

पुढचे सहा दिवस डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या खाद्याच्या भिजवलेल्या दाण्यांची पेज सुई नसलेल्या इंजेक्शनच्या नळीतून, थोडी थोडी, दिवसातून कितीदा तरी. माळ्यावरचं पोतं खाली आलं. सातव्या दिवशी त्यानं एक काडी उचलली, टाकली, पुन्हा उचलली, आणि ती हळूहळू आत गेली. आम्ही तिघं जमिनीवर पालथे पडून बघत होतो. दुपारी फ्रिज उघडला आणि शिट्टी झाली, तेव्हा तुझ्या भावजयीनं दुधाचं पातेलं सोडलं. तेही कुणी पुसायला उठलं नाही.

आता सगळं क्षेम आहे. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तू उगाच काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण हे. रविवारी येऊ नका. म्हणजे या, जेवा, पण हवालदाराला नेऊ नका. आबा रोज सकाळी त्याचं वजन करून वहीत लिहितात. त्याला चावायला शिकवायचं म्हणून त्यांनी डबीतली कवळी काढून लावली आहे आणि पिंजऱ्यासमोर बसून कच्चं गाजर खातात. आई गेल्यापासून हा माणूस कुणाच्या घरी गेला नाही, दारापर्यंत कुणाला पोचवायला आला नाही. आता तो हवालदाराला घेऊन दवाखान्यात फेरतपासणीला स्वतः जातो. भाचीला काहीतरी सांग. भूल अजून उतरली नाही म्हण. आबांना मी हे लिहिल्याचं माहीत नाही.

ता. ता. क. (भावजयीकडून) ताई, नमस्कार. बाकावर खंबीरपणे बसले होते ते आबा. हे आडवे होते. कासववाल्यानं यांच्या तोंडावर पाणी मारलं.

आणखी (आबांकडून). चि. पोरीस आशीर्वाद. तुझ्या भावानं पाकीट टपालात टाकायला माझ्याजवळ दिलं, म्हणून वाचलं. त्याचं काही ऐकू नकोस. जनावर तुझ्या लेकीचं आहे, ते तिच्याकडेच जाईल. तिला सगळं खरं सांग, आजोबांची चूक झाली हेही सांग. लहान माणसाला फसवू नये. रविवारी या आणि त्याला घेऊन जा. फक्त नव्या घराची सवय होईपर्यंत ओळखीचं कुणीतरी त्याच्याजवळ हवं, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे. (त्या तसं म्हणाल्या नाहीत, पण विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या.) मी माझी पिशवी भरून ठेवली आहे. एवढंच कळव, तुमच्याकडे खिडकीपाशी दोघांना पुरेल एवढी जागा आहे ना?