पहिल्या पानावरचा नळ

मंगळवार, संध्याकाळ

आजच्या अंकाचं पहिलं पान मीच लावलं होतं. वरच्या कोपऱ्यात बोटभर निळा नळ, खाली आज पाणी येणाऱ्या वसाहतींची नावं. संपादक काल वैतागले होते, "मंत्र्यांचा फोटो खाली आणि नळ वर? लोक हसतील." मलाही धाकधूक होतीच.

सकाळी शेजारच्या शबानाआपा पेपर नाचवत ओरडत होत्या, "आज अपनी गल्ली में पानी है, ड्रम निकालो." अख्खी गल्ली त्या निळ्या नळावर वाकली. मंत्र्यांकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. माझा पेपर कधीच न उघडणाऱ्या सासूबाईंनी चष्मा मागितला. एवढ्याशा चित्राचा इतका आनंद का होतोय मला?

आत्ताच संपादकांचा फोन आला. बोलणी खायची तयारी ठेवूनच उचलला. हळूच म्हणाले, "उद्याच्या नळाखाली आमच्या कॉलनीचं नाव आहे का हो?"