जयरामाच्या वाटची भाकरी

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥

विजयदुर्ग
१४ डिसेंबर १९५८

चि. सौ. सरलास बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे कार्ड पोचले. लीलाच्या खोकल्याचे तू काहीच लिहिले नाहीस. तो गेला असे समजू की वाढला असे समजू? जावईबापूंनी नवा स्टो घेतला हे वाचून मला बरे वाटले नाही. हवा भरताना तोंड लांब ठेवीत जा, पदर खोचून घे आणि पोरीला जवळ फिरकू देऊ नको. शिवाय स्टोवर भाकरी मऊ होत नाही. मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते, असे शेजारची यमुनाबाई म्हणते. तिने स्टो पाहिलेला नाही, पण तिला पुष्कळ कळते.

आता इकडचे. तुझ्या भावाची होडी कार्तिकातल्या वादळात गेली त्याला महिना उलटला. त्याच्याबरोबरचे दोघे कुणकेश्वरच्या वाळूत लागले, त्यांना अग्नी तरी मिळाला. आपला जयराम लागला नाही तो नाहीच.

तुला आपली रीत ठाऊक आहे. घरातले माणूस गेले की सुतक फिटेपर्यंत त्या घरच्या चुलीवर तवा चढत नाही, शेजारी जेवण आणून देतात. त्या दोघांच्या घरी यमुनाबाई टोप भरून पेज-भाकरी पोचवून आली. मग आपल्याकडे आली, तर तुझी वहिनी हिरा काठवटीत भाकरी थापत बसलेली. यमुनाबाई दारातूनच झाकलेला टोप घेऊन परत गेली. जाताना एवढेच म्हणाली की ज्या घरात तवो चढता, थंय मी खंयच्या तोंडान जेवण देव?

तेव्हापासून तवा एक दिवस उतरलेला नाही. हिरा कुंकू लावते, तांदळाच्या पिठाची उकड काढते, वाफ निघत असतानाच हात भिजवून मळते आणि थापते. तो थप थप आवाज मला पडवीत ऐकू येतो. तिच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही. सकाळची भाकरी संध्याकाळी दुमडली तरी मोडत नाही. पण निजण्याआधी ती एक भाकरी वाडग्याखाली झाकून फळीवर ठेवते. जयरामाच्या वाटची. उजाडल्यावर पाहावे तर वाडगा तसाच पालथा असतो आणि खाली भाकरी नसते. मी तिला विचारलेले नाही. विचारले आणि तिने सांगितले तर काय करू?

भटजी म्हणतात, देह लागला नाही तरी दर्भाचा पुतळा करून सगळे करता येते. फक्त घरच्यांनी आधी मानले पाहिजे. तुम्ही तवा उतरवाल त्या दिवसापासून सुतक. तोवर तो ना इकडचा ना तिकडचा. सरला, माझ्या जिवाला हेच खाते. तू हिराला चार शब्द लिही. तुझे ती ऐकते. सासऱ्याने सुनेला तुझा नवरा मेला असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

पाऊस गेला तरी विहिरीवर शेवाळ आहे. इकडे आलीस तर जपून. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा
बाबा

॥ श्री ॥

कणकवली
२२ डिसेंबर १९५८

ती. बाबांस सरलाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळाले. लीलाचा खोकला गेला. मी लिहिले नाही कारण खोकला नसला की आठवत नाही, हे तुम्हांला कधी कळणार? स्टो अजून फुटलेला नाही. काल त्याच्यावर भाकरी केली ती टम्म फुगली. हे म्हणाले की बाबांना पाठवून दे, म्हणजे त्यांना काळजी करायला नवीन काहीतरी मिळेल.

बाबा, भाकरी मांजर खात असेल. यमुनाकाकींचा तो बोका काय साधा आहे? लहानपणी माझ्या हातातला बांगडा त्याच्याच घराण्यातल्या कोणीतरी नेला होता. तुम्ही एकटे बसून भलते विचार करता.

पण वहिनीला असे पत्रात मी लिहिणार नाही. कागदावर हे वाचायला कोणालाही देऊ नये. त्यापेक्षा तिला थोडे दिवस माझ्याकडे पाठवा. पापड-कुरडयांना हात हवा आहे असे सांगा. कामात बायका बोलतात. तिच्या मनात काय आहे ते मी काढून घेते. ती इकडे आहे तोवर तुम्ही यमुनाकाकींकडे जेवा, म्हणजे तवा आपोआप उतरेल आणि कोणी कोणाला काही सांगायलाही नको.

जयरामदादा आला असे मलाही वाटते. दुपारी कोणी मोठ्याने हसले की मी दारात जाते. पण ते मी कोणाला सांगत नाही.

तुमचा हात डोक्यावर आहे असे धरून चालले आहे.

आपली
सरला

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥

विजयदुर्ग
९ जानेवारी १९५९

चि. सौ. सरलास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हिरा सुखरूप पोचली का? तळेऱ्याला गाडी बदलताना गडबड होते. कुणकेश्वराहून तिचा भाऊ बाळा आला होता, त्यानेच तिला एस.टी.त बसवून दिले. माझा एस.टी.वर विश्वास नाही, पण बाळावर आहे.

जाण्याआधी तो पडवीत माझ्याशी बोलला. देवगडला एक होडीवाला आहे, बायको गेलेली, मूलबाळ नाही, माणूस निर्व्यसनी. हिराशी पाट लावायला तयार आहे. आपल्यात त्याला कोणाची ना नाही. पण बाळा म्हणाला की बाबानू, जिच्या घरात तवो चढता तिका विधवा कशी म्हणू, आणि विधवा न्हय तर पाटाचा बोलणा कसा काढू? माझी भयण ना सवाशीण ना विधवा, अशी किती वर्सा बसतली? तो माणूस शिमग्यापर्यंत थांबेल, पुढे नाही. बाळा रागावला नव्हता. रागावला असता तर मला उत्तर देता आले असते.

तू म्हणालीस तसे यमुनाबाईकडे जेवायला जाणार होतो. टोप घेऊन कुंपणापर्यंत गेलोही. ती परड्यात शेणी थापत होती. तिने वर पाहिले. मी म्हटले की बोको खंय आसा तुझो? ती म्हणाली की बोको गेल्या शिमग्यात मेलो, आणि त्याची चौकशी करूक टोप कित्याक आणलास? मी परत आलो.

मग मीच भाकरी केली. तुझी आई गेल्यावर तुला करून घालायचो ते सगळे विसरलो. उकड गोळ्यांची झाली, थापताना चिरली, तव्यावर टाकली तर चिकटली. जी झाली ती कौलासारखी. चहात बुडवून खाल्ली. वहिनीला विचारून कळव, काय चुकते ते.

आता एक लिहितो, जावईबापूंना दाखवू नको. जयराम बंदरावरून आला की मागच्या दारी उभा राहून पंचा पिळायचा, आठवते? तिन्हीसांजेला तो आवाज येतो. कापड पिळल्याचा आणि मग धार पडल्याचा. दार उघडून बघायचा धीर मला झाला नाही. सकाळी पाहिले तर जमीन कोरडी. वाडग्याखाली मी माझे ते कौलच ठेवले होते. तेसुद्धा नव्हते. मी त्या वाडग्यापुढे बसून राहिलो. एवढी वाईट भाकरी त्याने खाल्ली म्हणून मला रडू आले.

थंडीत लीलाचे कान बांध. आठवण ठेव म्हणजे झाले.

तुझा
बाबा

॥ श्री ॥

कणकवली
२० जानेवारी १९५९

ती. बाबांस सा. न. वि. वि.

वहिनी सुखरूप आहे. लीला तिच्या मांडीवरून उतरत नाही. परवा तिला हे पत्र आणि तुमच्यासाठी पापडांची पिशवी देऊन गाडीत बसवते आहे.

आधी भाकरीचे. वहिनी सांगते की पाण्याला खळखळून उकळी फुटल्याशिवाय पीठ घालायचे नाही, आणि घालायचे ते एकदम. ढवळून झाकण ठेवायचे आणि उतरवून वाफ मुरू द्यायची. तुम्ही घाई केली असणार. मळताना हात पोळतो तो पोळू द्यायचा. निवली की चिरते. तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. मग तवा बाजूला करून निखाऱ्याला लावायची. माझ्या स्टोला निखारे नाहीत, त्यावर वहिनी हसली. पुष्कळ दिवसांनी हसली असे तिचे तिलाच वाटले आणि तिने मुसळ उचलले.

मग ती बोलली. पापडाचे पीठ कुटता कुटता मान वर न करता बोलली, ते तसेच लिहिते. म्हणाली की वन्सं, ते येवचे नाय ह्या माका पयल्याच दिवशी कळला. त्या दोघांका वाळूतून आणल्यानी, तेवाच मी तवो उतरवलेलो आणि चूल सारवूक घेतलेली. मामांजी आत इले आणि म्हणाक लागले की तवो ठेव गो, पोरगो भुकेलेलो येतलो. मी काय करू? त्यांच्या तोंडाकडे बघून मी तवो ठेवलंय. आता त्येंका बरा वाटता म्हणान रोज ठेवतंय. एक भाकरी झाकून ठेव ह्यापण त्येंनीच सांगल्यानी.

बाबा, तुम्ही मला लिहिलेत की तिला समजाव. तिला समजवायचे काही उरलेलेच नाही. ती कुंकू लावते ते तुम्ही दचकाल म्हणून. बाळाने काय सांगितले तेही तिला ठाऊक आहे. मी विचारले, तुझ्या मनात काय आहे? ती म्हणाली की मामांजी होय म्हणतले तर मी होय, त्येंका एकटा टाकून माका सुख नको. बाबा, ती एकवीस वर्षांची आहे.

भाकरीचेही विचारले. ती म्हणाली की पहाटे मामांजीच उठून खातात असे मी धरून चालले होते, निदान कोणाच्या तरी पोटात जाते म्हणून बरे वाटायचे. मी तिला तुमचे पत्र वाचून दाखवले. बोका तर मेला म्हणता.

मला एवढेच विचारायचे आहे. वहिनी इथे होती. तुम्ही घरात एकटे होता. मग तवा कोणी ठेवला?

रागवू नका. रागावलात तरी पत्र पाठवा.

आपली
सरला

विजयदुर्ग
११ फेब्रुवारी १९५९

चि. सरलास,

वर श्री लिहिलेला नाही. समजून घे आणि पत्र वाचून झाले की अंगावरून पाणी घे.

तुझे पत्र मी सदऱ्याच्या खिशात घालून फिरत होतो. तू विचारलेस त्याचे उत्तर तुला ठाऊक होते. हिरा आल्यापासून मी रोज सकाळी ठरवी की आज सांगायचे, आणि रोज भाकरी खाऊन उठे. भाकरी मऊ असायची. ती तोंडात असेपर्यंत माझा मुलगा समुद्रावर गेलेला असायचा आणि यायचा असायचा. ते सोडवत नव्हते.

आज हिराने उकड मळायला घेतली. तवा तापत होता. मी चुलीपुढे जाऊन बसलो. ती म्हणाली की मामांजी, धूर लागात, पडवीत बसा. मी फडक्याने धरून तवा खाली उतरवला. फडके विरलेले होते, बोटे भाजली. काळजी करू नको, खोबरेल लावले आहे. हिराचा हात उकडीत तसाच राहिला. मी म्हटले की हिरा, जयराम येवचो नाय. ती म्हणाली की होय मामांजी. मग तिने हात धुतले, कपाळावरचे स्वतःच पुसले आणि जी कार्तिकापासून माझ्यासमोर रडली नव्हती ती रडली. मीही.

आवाज ऐकून यमुनाबाई कुंपण ओलांडून आली. तिने पदर खोचला. उकड गाईला घातली, चुलीवर पाणी ओतले आणि घरी जाऊन टोप घेऊन आली. मला म्हणाली की इतको उशीर कित्याक केलास भावजी, माझी पेज कार्तिकापासून निवता हा. मग बसून तिने आम्हां दोघांना वाढले. परक्या घरची भाकरी मला गिळता येणार नाही असे वाटत होते. गिळता आली. हिरानेही खाल्ली.

भटजींना सांगून आलो. बाळाला निरोप धाडला आहे. बारावा झाला की हिराला तो कुणकेश्वराला नेईल आणि देवगडच्या माणसाशी बोलेल. मी होय म्हटले आहे. हिराला समोर बसवून म्हटले, म्हणजे तिला वाटायला नको की मनातून नाही. माझी चिंता तिने करू नये. यमुनाबाई आहे, आणि उकळी फुटेपर्यंत थांबायचे हे मला आता कळले आहे. सुतक तुलाही आहे. ते फेडून, पोरीला घेऊन ये. एकटी येऊ नको, जावईबापूंबरोबर ये.

एक राहिले. ते तुलाच सांगतो.

तिन्हीसांजेला हिराला मी पुढच्या पडवीत यमुनाबाईपाशी बसवले आणि मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आवाज आला. पंचा पिळल्याचा, मग धार पडल्याचा. मी कडी काढली नाही. दाराला तोंड लावून म्हटले की जयरामा, घरात तवो नाय. उद्याही नाय. तू बुडालंस रे बाबा, कार्तिकातच बुडालंस. तुका कोणी सांगूक नाय, बापाशीन सांगूचा होता, ता आज सांगतंय. आता पोटासाठी हय येव नको. हिराक जावंदे.

पिळणे थांबले. मला वाटले की कडी काढावी. एकदाच काढावी. हात कडीवर होता.

तेवढ्यात आपल्या परड्यात कुत्रा भुंकला. मग यमुनाबाईच्या आगरातला. मग खालच्या वाडीतले, मग वखारीपाशी असतात ते, एकामागून एक, बंदराच्या वाटेने. शेवटचा अगदी पाण्याकडेला भुंकला. त्यानंतर कोणी भुंकले नाही.

लोभाचे आज काही लिहीत नाही.

बाबा