उपदेशाखालची वाफ

ता. ४ जून

चि. धाकटीस,

प्रभू येशूच्या नावात अ. उ. आ. वि. वि.

डोळ्याची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. शुश्रूषेसाठी तू आपल्या यजमानांना पाठवलेस, याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी, हे मी अद्याप ठरवलेले नाही. ते वेळेवर डोळ्यांत थेंब घालतात आणि रोज सकाळी माझी दाढी करतात. आयुष्यभर केशकर्तनालय चालवलेल्या माणसाचा हात हलका असतो, हे मान्य. परंतु माझ्या तोंडाभोवती फेस लावून झाल्याशिवाय ते विनोद सांगत नाहीत, म्हणजे मला प्रत्युत्तर देता येऊ नये!

आता मुख्य विषय. परवा वस्तरा माझ्या गळ्याशी असताना त्यांनी सांगितले की, त्यांना बाप्तिस्मा घ्यायचा आहे. उमेदवारांची परीक्षा घेणारा, चर्चच्या मंडळीने नेमलेला वडील मीच, हे लक्षात घेऊनच त्यांनी ती वेळ साधली असावी.

काल रीतसर परीक्षा घेतली. पाप म्हणजे काय, हे त्यांनी अचूक सांगितले. स्वतःची उदाहरणे इतकी दिली की मला थांबवावी लागली. तुमच्या पापावर देवाचा क्रोध आहे हे मानता काय, असे विचारताच ते पूर्णपणे मानतो म्हणाले आणि हसले. तो क्रोध ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतःवर घेतला हे मानता काय, असे विचारले. तेही मानतो म्हणाले, आणि इतके हसले की टेबलावरचा पेला कलंडला.

मी त्यांना अनुत्तीर्ण केले आहे. देवाच्या क्रोधाचे नाव ऐकून जो थरथरत नाही, त्याला पाण्यात उतरवण्याची जबाबदारी माझ्याने घेववणार नाही. तुझी निराशा होईल, हे जाणतो.

लोभ आहेच, परीक्षेत तो चालत नाही.

तुझा,
दादा


ता. ८ जून

ती. दादास,

सा. सलाम वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शाळेच्या गणवेशांत कमरेपर्यंत बुडाले होते. वाचलं आणि शिलाई मशीनवर डोकं ठेवून रडले. लग्न झाल्यापासून ह्या एकाच गोष्टीसाठी मी गुडघे झिजवलेत. दर रविवारी हे मला चर्चच्या फाटकापर्यंत सोडायचे, देवाला माझा सलाम सांग म्हणायचे आणि माघारी फिरायचे. आता स्वतःहून दाराशी आले, तर दार अडवून उभं कोण? माझा सख्खा भाऊ, तोही काळा चष्मा लावून!

दादा, यांचं हसणं तुला कळलेलंच नाही. गेल्या वर्षी यांच्या मानेला गाठ आली होती. तपासणी होईपर्यंत घरात चकार शब्द नाही, घास घशाखाली नाही. गाठ साधी आहे असं डॉक्टर म्हणाले, आणि हे दवाखान्यात हसत सुटले. नर्सबाईंनी पाणी आणून दिलं, तर ते नाकातून बाहेर. ज्याला भीती वाटलीच नाही तो असा हसत नाही; जो सुटला तो हसतो. तू जन्मभर तारणावर उपदेश करतोस, पण सुटल्यासारखं हसताना मी तुला एकदाही पाहिलेलं नाही. ह्या वाक्यातली चूक काढ पाहू!

थोडं नमतं घे. आम्हा दोघांवर माया असू दे, परीक्षेतसुद्धा.

तुझी,
धाकटी


ता. १२ जून

चि. धाकटीस,

अ. आ. वि. वि.

तुझ्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. अधिक काही लिहीत नाही.

पाळकसाहेबांनी तुझ्या यजमानांसाठी शब्द टाकला आहे. सकाळी ते माझी दाढी करतात आणि सायंकाळी पाळकसाहेबांचे केस कापतात; अशा रीतीने मंडळीचे नेतृत्व त्यांच्या कात्रीखाली आले आहे. तेव्हा पुढीलप्रमाणे ठरले. एकवीस तारखेच्या रविवारी देवाच्या क्रोधावर मी उपदेश करीन. तो संपल्यावर तुझ्या यजमानांना साऱ्या मंडळीसमोर तेच दोन प्रश्न विचारले जातील. गंभीरपणे उत्तरे दिली, तर बाप्तिस्मा. हसले, तर कोरडेच घरी येतील.

पाणी नेहमीप्रमाणे थंड असेल. व्यासपीठाखालच्या हौदाला बॉयलरचा नळ जोडलेला आहे; पण मी मंडळीचा वडील झाल्यापासून तो कोणी उघडलेला नाही, कारण कोमट पाण्यात पश्चात्ताप होत नाही, असे माझे मत आहे.

माया पूर्ववत आहे. तापमानही तेच राहील.

तुझा,
दादा


ता. १६ जून

ती. दादास,

सा. सलाम वि. वि.

सोबत यांचा पांढरा झगा पाठवते आहे. लग्नातल्या मापाने बेतलाय. हल्ली हे थोडे आखूड झालेत, हे शिवून झाल्यावर आठवलं. पायात येईल, सांभाळायला सांग.

एकच विनवणी. थंडीने यांच्या छातीत शिट्टी वाजते, मग दोन-दोन आठवडे अंथरूण सुटत नाही. क्रोध देवाचा असू दे, दादा. थंडी तुझी कशाला? नळ उघड.

दुकान सोडून मला येता येत नाही. माझ्या वाटचंही तूच बघ, एका डोळ्याने का होईना. लहान बहिणीवर जीव आहे ना? मग झालं.

तुझी,
धाकटी


ता. २२ जून

चि. धाकटीस,

अ. उ. आ. वि. वि.

अक्षर वाकडे आले आहे. त्याचा डोळ्याशी संबंध नाही. लिहिताना मला राहून राहून हसू येते.

तुझे थंडीबद्दलचे वाक्य मला चैन पडू देईना. काल सकाळी मी सर्वांच्या आधी चर्चमध्ये गेलो, बाजूच्या खोलीत चाचपडत नळ शोधला आणि पूर्ण उघडला. हौदावर फळ्या बसवलेल्या होत्या, आणि नसत्या तरी ह्या डोळ्यांना आतले काय दिसणार होते? बऱ्याच वेळाने नळ बंद केला आणि कोणास काही न सांगता परतलो. माझी बाही ओली झाली होती. ती तुझ्या यजमानांनी पिळून दिली. विचारले काहीच नाही.

मला ठाऊक नव्हते ते असे. त्यांनी आदल्या दिवशीच चर्चच्या राखणदार बाईंना गाठून छातीचे गाऱ्हाणे सांगितले होते. बाईंनी पहाटे अर्धा हौद गरम पाण्याने भरून ठेवला; उरलेला अर्धा गार पाण्याने नंतर भरायचा, असा त्यांचा बेत होता. तो उरलेला अर्धा मी भरला.

त्याच फळ्यांवर उभा राहून मी देवाच्या क्रोधावर बोलू लागलो. न विझणाऱ्या अग्नीपर्यंत येतो न येतो, तोच पुढच्या बाकावर चुळबुळ सुरू झाली. एका आजीबाईंनी पाय वर घेतले. शब्दांचा परिणाम होतो आहे असे समजून मी आवाज चढवला. मग माझा चष्मा धूसर झाला. मला वाटले, डोळा पुन्हा गेला. वस्तुतः फळ्यांच्या फटींतून वाफ निघून माझ्या गुडघ्यांपर्यंत आली होती! तुझे यजमान खदखदून हसले, त्यांच्यामागे सारी मंडळी.

पाळकसाहेबांनी फळी उचलली, तेव्हा ढग वर आला. हे कोणी केले, असे त्यांनी कठोर स्वरात विचारले. तुझे यजमान झगा सावरत उठले आणि बाईंचा काही दोष नाही, सांगणारा मीच, असे म्हणाले. बाई म्हणाल्या की, त्यांनी अर्धाच हौद भरला होता, आणि सकाळी नळ वाहताना ऐकू आला, तो त्यांनी उघडलेला नव्हता. तुझ्या यजमानांनी माझ्या बाहीकडे पाहिले आणि तोही मीच उघडला, असे सांगितले. मग मात्र पाळकसाहेब म्हणाले की, मंडळीचा नियम असा मोडणाऱ्याला आज पाण्यात उतरता येणार नाही. तुझ्या यजमानांनी मान डोलावली आणि ते खाली बसू लागले.

धाकटे, एकाने दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेतला, हे मी शिकवत आलो. पण माझा दोष माझ्या खांद्यावरून उचलला जाताना मी कधी पाहिला नव्हता. आणि उचलणारा कोण, तर पायघोळ झग्यात अडखळणारा माझा मेहुणा! माझ्या पोटातून काहीतरी वर आले. मला उचकी वाटली. ते हसू होते. हसता हसताच मी ओरडून सांगितले की, नळ मी उघडला. एकाही शब्दाचा उच्चार धड झाला नाही, तरी सर्वांना समजले.

मग पाळकसाहेबही हसले आणि त्यांनी मनाई मागे घेतली. लोकांनी बादल्यांनी गरम पाणी उपसले आणि थंड आणून ओतले. प्रश्न मी विचारायचे होते. पहिल्याच शब्दावर मला पुन्हा हसू फुटले, म्हणून ते पाळकसाहेबांनी विचारले. दोन्ही वेळा तुझे यजमान मानतो म्हणाले, अगदी हलक्या आवाजात. मग पाण्याखाली गेले. झगा मात्र फुग्यासारखा वर राहिला, तो मी काठीने दाबला.

ते वर आले तेव्हा मूल रडावे तसे रडत होते. मी काठावर बसून पोट धरून हसत होतो. आम्हा दोघांपैकी पाण्यात नेमके कोण उतरले होते, हे पाळकसाहेबांना क्षणभर ठरवता येईना.

आज दाढी करताना दोघेही हसलो. माझ्या हनुवटीला कापले आहे. तुझ्या यजमानांना आणखी आठवडाभर ठेवून घेतो, राग मानू नकोस. लोभ आजवर मोजून मापून पाठवत आलो. ह्या खेपेस तो उतू गेला असेल, तर पुसून घे.

तुझा,
दादा