कुसुमटोल्याची लोकसंख्या एक धरल्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपंचायत मोहबोडी, जि. चंद्रपूर

विषय : कुसुमटोल्याची माणसे पुन्हा मोजून, काढून नेलेला हातपंप परत बसवण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची ‘नगर परिचय’ पुस्तिका, पान सात.

महोदय,

१. मी सत्यशीला बापूजी गुरनुले, वय ६३, राहणार कुसुमटोला. वरील पुस्तिकेत आमच्या टोल्याची लोकसंख्या एक छापली आहे. ती एक मी आहे.

२. मोजणीची माणसे फेब्रुवारीत आली. तेव्हा दरवर्षी आमचा टोला लेकराबाळांसह तेलंगणात मिरची तोडायला गेलेला असतो, घरांना कुलपे असतात. मातामाय देवीच्या ठाण्यावर रोज संध्याकाळी दिवा लावण्याचा माझा नेम आहे, म्हणून मी जात नाही. मोजणाऱ्या सुनिलभाऊंना मी म्हटले, पाडव्यापर्यंत सगळे येतील. ते म्हणाले, “बाई, कागद आजच द्याचा हाय. तुम्ही होत्या म्हनून एक तरी आला, नाई तं निरंकच लिवलं असतं.”

३. पुस्तिकेत पुढे लिहिले आहे : साक्षरता शंभर टक्के, बालके निरंक, मुख्य व्यवसाय दिवाबत्ती, इतिहास उपलब्ध नाही. कोणी विचारले असते तर सांगितला असता. माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळी गावची बोडी खोदायला जी माणसे आणली, ती काम संपल्यावर त्या तलावाच्या पाळीखालीच राहिली. ते आमचे लोक. मोहबोडीचे धान आजही त्याच पाण्यावर होते.

४. मे महिन्यात हातपंप काढून नेला. एका माणसासाठी पंप नियमात बसत नाही, असे सांगण्यात आले. टोल्यातल्या सर्वांनी सह्या करून अर्ज दिला, तो “अर्जदार सदर वस्तीतील नाहीत” असा शेरा होऊन परत आला. मग अर्ज करण्याजोगी मीच उरले. शेजारची कमळा म्हणते, “मावशी, आता तूच गाव. तूच सभा भरव, तूच टाळ्या वाजव.” असे म्हणून ती हसते आणि पाण्याचा गुंड घेऊन नाल्यावर जाते. नाल्याच्या त्या पाण्याने तिच्या लहानग्या दिव्यानीला पावसाळ्यात दोनदा दवाखान्यात न्यावे लागले.

५. आपल्या कार्यालयातील एका बाबूंनी मला मार्ग सांगितला. म्हातारी, एकटी असे लिहून दिल्यास खास बाब म्हणून नळ माझ्या दारात येईल, बाकीचे तिथून भरतीलच. त्यांच्या मनात वाईट नव्हते. पण टोल्यात दुसरे कोणी राहत नाही, असे त्यात सहीनिशी लिहावे लागते. दिवा लावण्याआधी मला अंघोळ लागते आणि गुडघ्यांमुळे नाला उतरवत नाही. ते पाणी रोज कमळा आणून ठेवते. तिने आणलेल्या पाण्याने अंघोळ करून ती इथे राहत नाही, असे माझ्या हातून लिहिले जाणार नाही.

६. सध्या धानाची कापणी आहे, सगळे घरी आहेत. पूस महिना सरता सरता मिरचीला निघतील. त्याआधी माणूस पाठवावा, मी त्याच्यासोबत दारोदार फिरेन. तेही नियमात बसत नसेल तर माझेही नाव कमी करावे. मी थकले, साहेब. एकटीने गाव होणे माझ्याने होत नाही. बाकीच्यांना जिथे धरले आहे, तिथेच मलाही धरावे.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
सत्यशीला बापूजी गुरनुले
कुसुमटोला, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत : पुस्तिकेचे पान सात, शेरा होऊन परत आलेला अर्ज, सर्वांच्या सह्यांसह.