नव्या तांदळाचं पहिलं पान

माय, यंदा आपल्या शेतातला तांदूळ वरोऱ्याला माझ्या घरी आला आणि त्याने घरात असा घोळ घातला, की तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बाबा उन्हाळ्यापासून माझ्याकडे आहेत. गुडघे धरले त्यांचे. कुरखेड्याकडच्या त्या घरात एकट्याने किती दिवस काढणार, म्हणून मीच हट्ट करून घेऊन आले. यायला तयार नव्हते. जावयाच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो, हे तुला मी काय सांगायचं! शेत आता शेजारचे काका करतात. दिवाळीनंतर त्यांनी एसटीत पोतं चढवून दिलं आणि फोनवर म्हणाले, “तुमच्याच वावरातलं धान हाय बाई, भाऊले पोटभर खाऊ घाल.” पोतं उघडलं आणि तो वास आला, नव्या तांदळाचा, जरासा दुधासारखा. मी तिथेच पोत्याजवळ बसून राहिले. मुलगी म्हणाली, आई, तांदळाचा वास काय घेतेस? तिला कसं कळावं? तिने दुकानचाच तांदूळ पाहिलेला.

पहिल्या दिवशी माझा भात बिघडला. इतकी वर्षं दुकानचा जुना तांदूळ शिजवून हात बदललाय माझा. सवयीने पाणी घातलं आणि झाला गोळा. मग तू आठवलीस. लग्नाआधीचा कुठलासा दिवाळीचा महिना आहे, तू बाहेर वाकलेली आहेस, सुपाने तांदूळ पाखडते आहेस, आणि मी चुलीपाशी भातात पळी फिरवते आहे. तू पाठ न वळवता बोलतेस, “त्याले घोटून काऊन राह्यली? त्याच्या मनानं शिजू दे त्याले.” पाठमोरी असून तुला कळायचं कसं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पळीचा आवाज ऐकत असशील. दुसऱ्या दिवशी मग सगळं तुझ्या पद्धतीने केलं. नव्या तांदळावर बोटाचं पेरभरच पाणी, उकळी आली की आच कमी, वर झाकण, आणि पळीला सुट्टी. भात असा मोकळा झाला की मलाच कौतुक वाटलं. सोबत लाखोळीची डाळ केली, वांगी-बटाट्याची भाजी केली, जवसाची चटणी वाटली. ताट बाबांपुढे ठेवलं आणि मी समोरच बसले, शाबासकी घ्यायला.

बाबांनी ताटाकडे पाहिलं, हात जोडले आणि ताट हळूच पुढे सरकवलं. “भूक नाई वं,” म्हणाले. मी विचारलं, “काऊन? बरं नाई का?” तर म्हणे, “बरं हाय. तुह्या घरची ज्वारीची भाकर असंल तर दे.” माय, हे ऐकून मी चाट पडले. हे आपले बाबा! लग्नात मला निरोप देताना डोळ्यांत पाणी आणून जे म्हणाले होते, की पोरगी कापूस-सोयाबीनच्या मुलखात चालली, तिथे तिला भात कोण देईल? भात नसला तर जेवण झालं असं न मानणारा माणूस, आणि घरच्या शेतातला भात सोडून भाकर मागतो. दातांनी भाकर चाववत नाही, म्हणून ती डाळीत कुस्करून कशीबशी दोन घास खायची आणि उठायचं, असं सुरू झालं.

मला वाटलं माझ्या हाताला चव उरली नाही. मग मी लागले प्रयोग करायला. त्याच तांदळाचं पीठ करून आयते केले. तू तव्यावर हाताने पातळ पीठ सोडायचीस ना, तसेच धिरड्यासारखे, कडेला जाळी पडलेले. बाबांनी एक आयता उचलला, वास घेतला, परत ठेवला. खिचडी केली, ती नाही. मुलगी म्हणाली, आजोबांना पोहे करू. तेही काकांनी त्याच धानाचे कांडून पाठवलेले, तेही नाहीत. गव्हाची पोळी मात्र निमूट खात. तरी अंग उतरत चाललं होतं. सदऱ्याच्या बाह्यांतून हात काडीसारखे दिसायला लागले. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानाने सगळं ठीक आहे, मनाला काही लागलंय का पाहा. मी रिक्षात घरी येईपर्यंत तेच पाहत होते. यांच्या मनाला काय लागलं असेल? मीच काही बोलले का? तुला ठाऊक आहे, माझी जीभ जरा पुढेच धावते.

आणि मग एके सकाळी ते पिशवी भरून पलंगावर बसलेले. म्हणाले, “मले गावी नेऊन सोड.” मी भाजी चिरत होते, विळी तशीच राहिली. “गावी कोन हाय?” मी म्हटलं, “घराले कुलूप हाय. शेजारच्या काकूनं आनखी किती दिवस रांधून द्यावं तुमाले?” “मी रांधीन,” म्हणाले. मला हसूही आलं आणि रागही आला. ज्या माणसाने जन्मात कधी चूल पेटवली नाही तो म्हणतो मी रांधीन. माझा तोल गेला, माय. मी म्हटलं, “इथी काय कमी हाय तुमाले? रोज नवीन करून राह्यली मी, एक घास घेत नाई तुमी. पोरीच्या घरचं अन्न गोड लागत नाई असंल तर सांगा तसं.” बोलले आणि रडायला लागले. घाबरले होते मी. त्यांना त्या घरी सोडलं असतं तर पुढच्या दिवाळीपर्यंत ते दिसले नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

बाबांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग खाली पाहूनच म्हणाले, “नवा तांदूळ हाय तो, बाई. तुह्या मायच्या अगोदर मी कसा खाऊ?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नवं! आपल्याकडे नवं केल्याशिवाय नव्या धानाचा दाणा तोंडात घालत नाहीत. आधी खीर, ती पळसाच्या पानावर घरातल्या गेलेल्या माणसांना, मग गाईला, मग आपण. हे मी लहानपणी दरवर्षी पाहिलं आणि इकडे येऊन साफ विसरले. सासरी धानच नाही, तर नवं कुठलं? आणि विसरले ते विसरले, त्या गेलेल्या माणसांत आता तू आहेस, हे माझ्या मनातच आलं नाही. माझ्यासाठी तू अजून चुलीपुढेच बसलेली असतेस. बाबा सांगत होते, तू गेल्यापासून दरवर्षी ते स्वतः खीर करत होते. पहिल्या वर्षी करपली, दुसऱ्या वर्षी दूध फाटलं, तरी तीच पानावर ठेवली. मी सणाला सासरी, मला कोण सांगणार! मी विचारलं, “मंग मले सांगितलं काऊन नाई?” तर म्हणाले, “जावयाचं घर हाय. इथी तुमचे देव, तुमची रीत. त्यात माह्यं कुठी मांडू?”

हे दारात उभे राहून ऐकत होते, मला पत्ताच नव्हता. यांच्याबद्दल तुझी तक्रार असायची की जावई घुम्मे आहेत, बोलत नाहीत. ते आत आले आणि एवढंच म्हणाले, “मामाजी, पळसाची पानं किती लागतात? मी आणतो.” आणि गाडी काढून खरोखर गेले. वरोऱ्याबाहेर रस्त्याच्या कडेला पळस काही कमी नाही, पण या माणसाने पानांबरोबर अख्ख्या फांद्याच तोडून आणल्या. मग आमच्या बैठकीत जी मजा झाली ती तू पाहायला हवी होतीस. टीव्ही बंद, सतरंजीवर पानांचा ढीग, बाबा मध्ये बसून बांबूच्या काड्या सोलत होते आणि नातीला पत्रावळ टाचायला शिकवत होते. “काडी वरून नोको घालू, खालून घाल, पान फाटंल.” तिच्या दोन पत्रावळी झाल्या तोवर यांचा एक द्रोण झाला, तोही गळका. बाबा हसले. कितीतरी दिवसांनी.

खीर मी केली. तांदूळ भिजवून जाडसर भरडले, दुधात मंद शिजवले, आणि गूळ अगदी शेवटी, पातेलं उतरून निवल्यावर घातला. दूध का फाटलं ते मी बाबांना दाखवलं, तर लहान मुलासारखे वाकून पाहत होते. “असं हाय का,” म्हणाले, “मी उकळत्या दुधात टाकत होतो.” गच्चीवर त्यांनी पान मांडलं आणि हात जोडून उभे राहिले. मी मागे उभी होते. माय, जन्मभर तू सगळ्यांच्या मागून जेवलीस. आम्ही उठल्यावर भांड्याला लागलेला भात खरडून, त्यावर डाळीचं पाणी ओतून, तिथेच चुलीपाशी. बाबांनी तेव्हा एकदाही मागे वळून पाहिलं नाही की तुला काय उरलं. आणि आता तोच माणूस उपाशी राहतो, तू अगोदर जेवावं म्हणून. मला त्यांचा राग यावा की माया, ते कळेना. दोन्ही आले. तुला हे जिवंतपणी मिळायला हवं होतं.

खाली येऊन बाबांनी दोन वेळा भात मागून घेतला. पिशवी त्यांनीच रिकामी करून सदरे खुंटीला लावले. आता रोज भात लागतो, आणि माझ्या भाजीत मीठ कमी आहे हेही रोज सांगतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं सांगून टाकते. गूळ बेताचा पडलाय की नाही ते पाहायला मी पातेल्यातली चमचाभर खीर खाल्ली होती. तुझं पान मांडायच्या आधी. बाबांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.