रांगेत हंडा ठेवून

मु. वरचा पाडा, सूर्यमाळच्या अंगाला, ता. मोखाडा
सोमवार (लक्ष्याची जीप उद्या जव्हारला जाणार आहे, म्हणून आजच)

तीर्थरूप वाळूमामांच्या पायांशी भाची रविनाचा वाकून नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायचं, हे तुम्हीच मला चौथीत शिकवलंत, म्हणून लिहिते. सगळे खुशाल आहेत. गेल्या आठवड्यात एका दुपारी काही वेळ तसं वाटत नव्हतं, पण ते पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? नळाला पाणी येतं ना? (तुम्ही जव्हार गावात राहता, तेव्हा हे विचारायची गरज नव्हती. पण वैशाखात आमच्याकडे तब्येतीबरोबर पाण्याचीही चौकशी करतात, सवय झाली आहे.)

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. वाचनालयाचा यंदाचा वार्षिक अंक साहसावर काढताय, त्यात मी एखादा थरारक प्रवास लिहावा आणि तो स्वतः केलेला असावा, ऐकीव नको, असं तुम्ही लिहिलंत. मामा, सगळी अडचण त्या शेवटच्या वाक्यात आहे. माझे सगळे प्रवास ऐकीवच आहेत. शाळेत असताना तुम्ही आम्हाला शिरपामाळला नेलंत, महाराज इथे थांबले होते म्हणालात, आणि मी त्याच दिवशी ठरवलं की मोठी झाले की पाठीवर पिशवी टाकून चालत सुटायचं आणि दिसेल ते लिहायचं. लग्नात तुम्ही विचारलंत, काय देऊ. मी म्हटलं, पाठीवरची सॅक द्या, चांगली, पावसात न भिजणारी. तुम्ही हो हो म्हणालात आणि हंडा दिलात. स्टीलचा, मोठा, वर मशीनने कोरलेलं, 'चि. रविना हिस मामाकडून सप्रेम'. मामाने भांडं द्यायचं असतं हे मलाही कळतं, आणि हंड्यात काही खोट नाही. पण तेव्हापासून प्रवास तोच करतोय. वसईकडच्या वीटभट्टीवर तो माझ्याबरोबर होता, परत आला, आणि आता रोज घर ते झरा, झरा ते घर. (भट्टीच्या पलीकडे समुद्र होता म्हणे. वारा आला की खारट वास यायचा. बघायला जायचं म्हटलं तर सुट्टी नसायची, आणि सुट्टी मिळाली तेव्हा आम्ही घरी निघालो होतो.) आपला जिल्हा समुद्रकाठचा आहे हे मी भूगोलात बरोबर लिहून मार्क मिळवलेत. समुद्र मात्र पाहिलेला नाही. तुम्ही सांगायचात की आमच्या पाड्यामागच्या कड्यावरून, हवा स्वच्छ असली तर, मावळतीला समुद्राची कड दिसते. इतकी वर्षं मी त्या कड्याच्या पायथ्याशी भाकऱ्या करतेय आणि एकदाही मुद्दाम बघायला म्हणून वर गेले नाही. तुमचं कार्ड वाचून मला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेपोटी मी साहस करायचं ठरवलं.

आता साहसाला वेळ कुठून काढायचा? तर रांगेतून. आमचा झरा तुम्ही पाहिलेला नाही. खडकातून करंगळीएवढं पाणी येतं, ते खाली डबक्यात साचतं, वाटीने भरून घ्यायचं. दोन पाड्यांचे हंडे त्याच्यापुढे रांगेत असतात. माणसं रांगेत नसतात, माणसं करवंदीच्या सावलीत झोपलेली असतात किंवा घरी गेलेली. हंडा हाच माणूस. मागचीने पुढचा हंडा सरकवत न्यायचा, एवढाच कायदा, आणि तो आजवर कोणी मोडलेला नाही. माझ्या मागे कमू होती. ही शेजारची नवी सून, तुमच्या जव्हारचीच, नळावर वाढलेली, पण मनाने चांगली. तिला म्हटलं, माझा हंडा तेवढा सरकवत राहा, मी कड्यावर जाऊन येते. आणि निघाले.

म्हणजे निघाले असं वाटलं. कड्यावर मोबाईलला रेंज येते, पाड्यावर येत नाही, हे मी विसरले होते. पाड्यावरचं कोणी विसरलं नव्हतं. पहिल्याच घराशी हाक आली, कड्याव जातेस ना, मंग माझा फोन ने गं, पोराचा मेसेज आलाय का बघ. दुसऱ्या घरून जावयाला मिस्कॉल द्यायचा होता. तिसऱ्या घरी तर फोनबरोबर सांगायचा निरोपही पाठ करून घेतला. पाडा संपेपर्यंत माझ्या पिशवीत सगळ्या पाड्याचे फोन झाले होते. मामा, जगात जे कोणी साहसी प्रवासी असतील ते शिधा नेत असतील, दोर नेत असतील. मी दुसऱ्यांचे मोबाईल घेऊन चढत होते, आणि चार्जिंग उतरेल म्हणून भरभर.

तरी कड्यावर पोचल्यावर ऊर भरून आला, खोटं का सांगू. वर कोणी नव्हतं. वारा होता. मी खडकावर बसले, जुन्या कॅलेंडरचा कोरा भाग काढला (हे पत्रही त्यावरच लिहितेय, मागे गणपतीबाप्पा आहेत, पाय लागू देऊ नका) आणि पहिलं वाक्य लिहिलं, 'मी एकटीच त्या कड्यावर उभी होते'. बसलेली असून उभी होते लिहिलं, तेवढं चालतं ना? एवढ्यात पिशवीला रेंज आली. सगळे फोन एकदम वाजायला लागले. एकात भक्तिगीत, एकात कोंबडा, एकात बाळ हसत होतं. मग काय, ह्याला उचल, त्याला सांग, हा मेसेज वाचून पाठ कर. वसईहून कोणी रागावलं की इतके दिवस फोन का लागत नाही, जसं काही टॉवर मी उपटून नेला. या सगळ्यात मावळतीकडे बघायचंच राहिलं, आणि बघितलं तेव्हा भर दुपारचा धुरळा होता. डोंगर, डोंगर, मग पांढरट काहीतरी, त्यात समुद्र असला तर तो मला ओळखत नव्हता.

तुमच्या जावयांचा फोन मात्र लागला. ठाण्यात इमारतीच्या परांचीवर काम करतात हे तुम्हाला माहीत आहे. आठवडाभर त्यांचा आवाज नव्हता, सासूबाईंनी जेवण कमी केलं होतं, मीही आतून घाबरले होते, कोणाला दाखवलं नाही एवढंच. फोन बिघडला होता म्हणाले. बरे आहेत. मी म्हटलं, मी कड्यावर आहे, समुद्र बघायला आलेय. ते म्हणाले, मग रांगेत कोण आहे?

मी उतरायला लागले.

इथे खाली काय झालं ते आधी सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. वारा सुटला आणि माझा हंडा गोल बुडाचा, तो घरंगळायला लागला. कमूने दोनदा धावत जाऊन आणला. तेवढ्यात तिच्या सासूने घरून हाक मारली. जाताना बिचारीने शहाणपणा करून हंडा पालथा घातला, म्हणजे घरंगळणार नाही. मामा, आमच्याकडे रांगेत पालथा हंडा म्हणजे घरात मयत. त्या घरच्यांनी झऱ्यावर यायचं नसतं, कोणीतरी त्यांचा हंडा आणून पालथा ठेवतं, मग रांग मोडून तो आधी भरायचा आणि सगळ्यांनी मिळून, तोंडातून शब्द न काढता, त्या घरी पोचवायचा. घरच्यांनी तोंड उघडेपर्यंत कोणी काही विचारायचं नाही. रिवाज चांगला आहे, मलाही आवडतो. कमूला तो माहीत नव्हता. जव्हारला नळ कोण पालथा घालतो!

खालच्या पाड्याची कोंडीआजी बायका घेऊन आली, तिने हंडा बघितला, कोणाला तरी वाचायला लावून वरचं माझं नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला. रविनाच्या घरी म्हातारी आहे, म्हणजे सकूच गेली. सावलीतल्या बायका जाग्या झाल्या, त्याही मुकाट मागे आल्या. सगळी रांग माझा हंडा घेऊन घरी पोचली आणि दारात बघते तर सकू, म्हणजे आमच्या सासूबाई, लसूण सोलत बसलेल्या. आता बोलायचं तर नाही. बायका उभ्या. भरलेला हंडा मध्ये. सासूबाईंनी हंड्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. स्वतः जिवंत आहेत, सून मघाशीच कड्यावर गेली. राहिला कोण? मुलगा. आठवडाभर फोन नाही. त्यांनी लसूण टाकला आणि असा हंबरडा फोडला की मला तो उतारावर ऐकू आला. त्या रडल्या म्हणून बायकांना कळलं की त्यांचा मुलगा तुषार गेला, आणि मग सगळ्याच रडल्या.

मी धावत पोचले, पिशवी खडखडत होती, आणि ओरडून म्हटलं की ते बरे आहेत, आत्ता बोलले माझ्याशी. कोणी ऐकेना. कोंडीआजीने माझे दोन्ही हात घट्ट धरले, बांगड्यांवरून अंगठा फिरवला आणि मायेने म्हणाली, "हो गं बाय, पयल्यांदा आसांच वाटतं. माझा दादला मलापन बोलला होता." मामा, हे मी हसवायला लिहिलंय, पण तेव्हा मला हसू आलं नाही. क्षणभर मलाही वाटलं की फोनवर दुसरंच कोणी बोललं असेल. रांगेत कोण आहे, हे विचारणारा माणूस आता नाही, असं वाटून बघितलं मी.

सासूबाईंचं एकच, आवाज ऐकव. पाड्यावर रेंज नाही. तेव्हा मी त्याच दिवशी दुसऱ्यांदा कडा चढले, आणि या वेळी सासूबाईंना घेऊन. गुडघे तुमच्यासारखेच आहेत त्यांचे. दर वळणावर बसायच्या, रडायच्या, उठायच्या. वर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रेंज तिथे एकाच खडकावर नीट येते, तोंड उगवतीला करून, फोन डोक्याच्या वर धरून. मी तशी उभी राहिले, स्पीकर लावला, त्यांनी उचलला. सासूबाई माझ्या पाठीशी बसून ओरडत होत्या, "तूच ना रं? तूच ना? परत बोल!" आणि ते बिचारे ठाण्यातून परत परत मीच, मीच म्हणत होते. मग म्हातारीने पदराने डोळे पुसले. मला वाटलं, समाधान झालं. मग म्हणाली, "रविना, तां काय गं तिकडं? चांदीवानी, लांबच लांब?"

मी फोन खाली घेतला असता तर आवाज तुटला असता. तुटला असता तर पुन्हा रडारड. मी म्हटलं, थांबा जरा, त्यांना ठेवते म्हणून सांगते. सांगितलं. वळले. सूर्य ढगात गेला होता. डोंगर, डोंगर, आणि पांढरट काहीतरी.

मी तिथेच बसून रडले. सासूबाईंना वाटलं नवरा जिवंत असल्याचं रडतेय, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मी सांगितलं नाही. आता त्या झऱ्यावर रोज समुद्राचं वर्णन करतात, लाटासुद्धा सांगतात, आणि बायका वाटी खाली ठेवून ऐकतात. मी लिहिते त्यापेक्षा चांगलं सांगतात, हेही लिहून टाकते.

तेव्हा लेख जमणार नाही, क्षमा असावी. तुमचा अंक छान निघो. मामींना नमस्कार. पाऊस लागण्याआधी एकदा येऊन जा.

तुमची,
रविना

ता. क. : नंतर कड्यावर गेलेल्या कोणाकडून तरी तुमच्या जावयांचा निरोप आला की ते समुद्राचं पाणी नसणार, खालच्या धरणाचं असणार, आपल्याच डोंगरातलं, जे पाईपातून मुंबईकडे जातं. कामावर म्हणे तेच प्यायला मिळतं, चव घरची लागते. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

ता. क. २ : वर पाऊस लागण्याआधी येऊन जा लिहिलं ते उगीच रीत म्हणून नाही. त्याच्यासाठीच एवढं लांबण लावलं. मामा, तुम्ही एक दिवस माझ्या हंड्याशी बसाल का? पुरुष माणूस बायकांच्या रांगेत, आणि तोही रिटायर गुरुजी, लोक हसतील हे मला ठाऊक आहे. सावली आहे, बसायला दगड आहे, कोंडीआजी गोष्टी सांगते. मी सकाळीच वर जाईन, कोणाचा फोन घेणार नाही, दिवस मावळेपर्यंत मावळतीकडे तोंड करून बसेन. धरण तर धरण. मग लेख लिहून देईन, ऐकीव नसलेला.

ता. क. ३ : वारा सुटला तर हंडा गुडघ्यात धरून बसा. पालथा घालू नका.