घूस आणि बाटलीतलं हिरवं पाणी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी सध्या वसमतला आहे, हळद पॉलिश करणाऱ्या कारखान्यात. मालक काल म्हणाला, वर्षभर राहा, गोदामामागची खोली देतो, उद्या सांग. आजवर मी कुठंच असा टिकलो न्हाई. आज उत्तर द्यायचंय आणि मला आपली घूस आठवून राहिली.

घूस आमच्याच बांधातली. हळदीला पाणी सोडलं की बिळातून खालच्या वावरात जायचं आणि बाप शिव्या देत कुदळ घेऊन धावायचा. तुम्ही एकदा अख्खा वर्ग बांधावर आणलात, बापाला म्हणालात, जरा हळू खणा. भुसभुशीत मातीनं बुजवलेलं दार, पुढं वळण, बाजूला शेजारच्या वावरातली ज्वारीची कणसं रचलेली, आणि पळायला भलतीकडंच दुसरं तोंड. घूस केव्हाच पसार. बाप बघतच राहिला. म्हणाला, "बाई, गवंडी हाय हो ही." परत येताना मी बोरं खात मागं राहिलो, ते असो.

मग तुम्ही हौदातलं हिरवं पाणी बाटलीत भरलंत, काळा कागद गुंडाळून एकच भोक ठेवलंत. दुपारी कागद काढला तर सगळा हिरवेपणा भोकापाशी जमलेला. सूक्ष्मदर्शकात मला नुसते ठिपके पळताना दिसतात, आणि तुम्ही सांगताय, एका पेशीचं शेवाळ आहे हे, पोहायला दोन शेपट्या, उजेड ओळखायला लाल ठिपका, पाणी आटलं की जाड कवच करून पडून राहतं. शाळेतून सारखा पळणारा मी म्हणालो, घुशीपेक्षा हेच भारी, घर न्हाई दार न्हाई, उजेड दिसला की निघालं. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत.

"ते पळता पळता आपलं अन्न आपण बनवतं, लेका. तू काहून पळतोस?"

औंढ्याला प्रसादाच्या दुकानात, पुसेगावला सोयाबीनच्या मळणीवर, जाईन तिथं हा सवाल बराबर मागं आला. आता वाटतं, दोघंही थोर. एक अंधारात माती उकरून कोठार भरते, दुसरं डोळ्याला दिसत न्हाई आणि उन्हावर जगतं. तुम्ही दोघांकडं सारख्याच नवलानं बघायचात. माझ्याकडंही.

हे लिहिता लिहिता मध्येच उठून मालकाला हो सांगून आलो. पळायचं कारण सापडलं न्हाई, तर राहून बघतो. हे पत्र कुठं टाकायचं न्हाई म्हणून खरं सांगतो, बाई, हो म्हणालो तरी माझी कपड्यांची पिशवी अजून उघडली न्हाई.